चष्म्याचा स्क्रू

४ फेब्रुवारी

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळत नाही, आणि नुसतं ‘बाबा’ लिहिलं तर माझा राग उतरला असं तुम्ही धरून चालाल. म्हणून वर काहीच लिहिलं नाही. पाकिटावर तुमचं नाव आहे, तेवढं पुरे.

फोन तुम्ही घेत नाही. आत्या घेते, "तो दुकानात आहे गं" म्हणते, आणि मागून तुमच्या खोकल्याचा आवाज येतो. पत्र मात्र तुम्ही वाचाल. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, तर मुलीचं पत्र वाचायला काय हरकत आहे?

कळवायचं एवढंच की मी डोळ्यांचं लेझर करून घेणार आहे. दीड वर्षापूर्वी जेवताना हा विषय काढला तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात. चष्मेवाल्याचीच मुलगी बिनचष्म्याची फिरायला लागली तर दुकानात कोण येईल, असं म्हणालात. मी म्हणाले, तसंही कोण येतंय! ते वाक्य खोटं नव्हतं, पण तुम्ही जेवत असताना बोलायला नको होतं. त्यानंतर मी बॅग उचलली आणि तुम्ही दुकानाचं शटर वर केलं, तेही सुट्टीच्या दिवशी.

कारण विचाराल तर साधं आहे. मी पोहायला शिकवते आणि चष्मा घालून पाण्यात उतरता येत नाही. लेन्स घालून उतरू नये, तलावाच्या पाण्यातलं काय काय लेन्सखाली जाऊन बसतं, हे तर मी स्वतः मुलांच्या आयांना सांगते. मग उरतं काय? कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आंधळी कोशिंबीर. कामाला अडचण होते, बस. दुसरं काही कारण नाही.

हल्ली चष्मा घालूनही फारसं बरं नाही म्हणा. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या आकड्यांना शेपट्या फुटतात, दिव्यांभोवती पिसारा दिसतो. झोप कमी पडत असेल. पूर्वी सुट्टीला घरी आले की दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं कसं लख्ख दिसायला लागायचं. तुम्ही दारातच हात पुढे करायचात, "आण इकडे, स्क्रू ढिला झालाय," आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चष्मा परत द्यायचात. इथल्या दुकानदाराकडून मी परवा स्क्रू घट्ट करून घेतला. काही फरक पडला नाही.

आत्याला नमस्कार. तुम्हालाही, पण कोरडाच.


३ मार्च

घरातले कागद संपलेत, म्हणून दवाखान्याने दिलेल्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे लिहिते आहे. उलटून वाचलंत तरी चालेल. वाचालच.

आज तपासणी झाली. डॉक्टर बाई आहेत, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, आणि बोलायला एकदम सरळ. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत एकात एक प्रकाशाच्या गोल कड्या दिसतात. त्या कड्या डोळ्यावर कशा पडतात त्यावरून कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा निघतो. कुठे सपाट, कुठे फुगीर, कुठे जाड, कुठे पातळ. रंगीत असतो अगदी. माझ्या उजव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या बाजूला एक लालसर डाग होता.

बाईंनी पेन त्या डागावर टेकवलं. म्हणाल्या, "इथे जरासा फुगवटा आहे. जाडीही काठावर पास होण्याइतकीच आहे."

"म्हणजे वाईट का?"

"काही लोकांचा कॉर्निया जन्मभर असाच असतो, काही होत नाही. काहींचा मात्र हळूहळू पुढे येत जातो, शंकूसारखा. तशा डोळ्यावर लेझर चालवलं तर संपलंच. लेझर कॉर्निया घासून पातळ करतं. मुळात कमकुवत असेल तर नंतर तो आणखी फुगतो आणि नजर वेडीवाकडी होते. घासलेलं परत भरून निघत नाही."

हे ऐकून मला तुमचं घासायचं मशीन आठवलं. काच धरताना दरवेळी तुम्ही हेच बडबडायचात, घासलेली काच परत जाड होत नाही. आम्ही दोघी, आत्या आणि मी, तुमची नक्कल करायचो.

मग बाईंनी विचारलं, "नंबर किती वर्षं स्थिर आहे? नीट आठवून सांगा, कारण माझा निर्णय बराचसा त्यावरच अवलंबून आहे."

इथे मी तुमचं नाव राखलं हं. म्हटलं, "माझे वडील चष्मे बनवतात. हा चष्मा पाच-सहा वर्षांचा आहे, त्यांनीच बनवलेला. फ्रेम बघा ना, दांडीचा रंग उडालाय. काचा त्याच आणि नंबरही तोच." त्यांनी चष्मा यंत्रावर मोजायला पाठवला. आजचा नंबर आणि काचांचा नंबर यांत फरक निघाला, पण अगदी थोडा. पाच-सहा वर्षांत एवढाच फरक असेल तर स्थिरच म्हणायचा, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण बारा तारीख दिली.

तर बारा तारखेला सकाळी. तुम्ही यावं अशी अपेक्षा नाही. नुसतं कळवून ठेवते.


११ मार्च

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणून आता खरं लिहायला हरकत नाही.

मी लिहिलं होतं की कामाला अडचण होते, दुसरं काही कारण नाही. कारण आहे. हिवाळ्यात लहान मुलींच्या वर्गात मला दोरीपलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला, एक लाल फळी तरंगताना दिसली. पोहायला शिकताना मुली हातात धरतात ना, ती फळी. कुणीतरी सोडून दिली असेल म्हणून मी दुसरीकडे वळले. ती फळी नव्हती. लाल टोपी घातलेली मुलगी होती. आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात, ते कपड्यांनिशी पाण्यात पडले म्हणून बरं. मुलगी दोनदा खोकली आणि तिने विचारलं, माझी पोहायची पाळी परत येणार ना? तिला काही झालं नाही. 

शिट्टीमास्तर कुणाला काही बोलले नाहीत. मला एकटीला बोलावून म्हणाले, "एक तर डोळ्यांचं काहीतरी कर, नाही तर काठावर बसून हजेरी घे. पाण्यात मी तुला असं उतरू देणार नाही." बरोबरच आहे त्यांचं. पण मला पाण्यातलंच काम येतं, बाबा. काठावर बसून मी वाळून जाईन.

(लिहिलं ना शेवटी ‘बाबा’. खोडत नाही आता.)

भीती वाटते आहे. तो लाल डाग सारखा डोळ्यांपुढे येतो. तुमचं मत विचारावं असं शंभरदा वाटलं. पण तुम्ही लेझरच्या विरुद्धच बोलणार, मग तुमचं खरं मत कोणतं आणि दुकानदाराचं कोणतं हे मला कसं कळणार? म्हणून नाही विचारलं.


१२ मार्च, संध्याकाळ

बाबा,

माझ्या डोळ्यांना आज कुणी हात लावलेला नाही. आधी हे वाचा, बसा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

सकाळी मला हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी घातली. बधिर करायचे थेंब डोळ्यांत घालून झाले. खुर्चीत बसवून ठेवलं होतं. पापण्या जड झाल्या होत्या आणि समोरची नर्स म्हणजे नुसता एक निळा ठिपका दिसत होता. आता आत नेणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"तुमच्या चष्मेवाल्यांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "कोण चष्मेवाले?"

"तेच मी विचारत होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचे कोण? तर म्हणाले, कोणी नाही, मी त्यांचा चष्मेवाला. डॉक्टरांना द्या फोन, नाही तर मी तिथे येऊन दारात बसेन."

बाबा! माझ्याशी बोलायचं नाही म्हणून थेट माझ्या डॉक्टरांना फोन? आणि त्यातही ‘वडील’ म्हणायला जीभ उचलली नाही? तुमच्या हट्टापुढे कुणीही हात टेकावेत.

मग त्यांनी सांगितलं. की त्या फ्रेममधल्या काचा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या नाहीतच. की मी घरी आले की तुम्ही रात्री यंत्र लावून माझे डोळे तपासायचात, "गंमत म्हणून, मशीन चालतंय का बघू" म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या नावाखाली नव्या काचा घालून द्यायचात. की दरवेळी सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या गोलाईतल्या वाकडेपणाचा, नंबर वाढलेला असायचा, उजव्याचा जास्तच. बाईंनी यंत्रावर मोजल्या त्या काचा दीड वर्षापूर्वीच्या होत्या. म्हणजे भांडणाच्या आदल्या दिवशी तुम्ही घातल्या त्या. एवढ्या थोड्या काळात तेवढा फरक म्हणजे नंबर स्थिर नाही, पळतो आहे.

बाईंनी लगेच सगळं थांबवलं. थेंबांचा असर उतरल्यावर दुसऱ्या यंत्रावर कॉर्नियाच्या मागच्या बाजूचाही नकाशा काढला. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "आता शंकाच नाही. तुमचा कॉर्निया पुढे येतो आहे. आज लेझर केलं असतं तर वर्षा-दोन वर्षांत तुम्हाला चष्म्यानेही दिसलं नसतं. मी माझ्या शंकेचं ऐकून आणखी थांबायला हवं होतं." एवढ्या मोठ्या डॉक्टरने असं सरळ म्हणावं याचं मला बरं वाटलं.

मी विचारलं, "ते असं का करत होते, काही म्हणाले का?"

"म्हणाले, बारा वर्षांची असताना नंबर वाढला की ती दोन दोन दिवस जेवायची नाही. म्हणून तिला नंबर सांगणं बंद केलं. मला वाटायचं, नंबरच वाढतोय, वाढू दे, काचा माझ्या घरच्या आहेत. हे कॉर्नियाचं मला कळलं नाही हो." मग बाई म्हणाल्या, "तुमचे चष्मेवाले फार हळवे आहेत. फोनवर रडत होते."

तेव्हा मी खुर्चीतच हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. बधिर डोळ्यांतून पाणी येतं पण जाणवत नाही. गालावर आल्यावर कळतं.

मला तुमचा राग आला आहे. खूप आला आहे. माझे डोळे, माझा नंबर, आणि मलाच ठाऊक नाही! मी छाती पुढे काढून डॉक्टरांना सांगत होते, नंबर तोच, माझे वडील चष्मे बनवतात. एखादं पत्र टपालात रेंगाळलं असतं तर? आत्या फोनवर म्हणाली की माझं तीन तारखेचं पत्र दोन दिवस गल्ल्यावर बंदच पडलं होतं, आणि उघडू की नको यावर तुमचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. बारा तारखेच्या सकाळी उघडलंत. काय म्हणावं तुम्हाला?

पण मी वाचले, बाबा. दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा उन्हात सगळं नेहमीसारखंच पुसट, शेपट्या फुटलेलं दिसत होतं, आणि मला ते इतकं आवडलं की मी घरापर्यंत चालत आले. रस्त्यात एका दुकानाची पाटी वाचली. मग पुढची वाचली. वाचता येतात म्हणून वाचत सुटले.


२१ एप्रिल

बाबा,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. उजवा डोळा अजून धुरकट आहे.

आत्याने सगळं सांगितलं असेलच, पण ती मीठमसाला लावते म्हणून मीही लिहिते. उजव्या डोळ्याचं जे केलं ते लेझर नव्हे. कॉर्नियाचा वरचा पातळ थर काढतात, पिवळ्या औषधाचे थेंब घालत राहतात आणि वरून एक निळा प्रकाश सोडतात. त्याने कॉर्निया कडक होतो आणि पुढे यायचा थांबतो. नंबर जात नाही, चष्मा सुटत नाही, फक्त आहे ते टिकतं. कधी डाग राहतो, कधी संसर्ग होतो, हेही बाईंनी आधीच सांगितलं. यावेळी मी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, चष्मेवाल्यांची शिकवणी लावलेली दिसते.

पहिले तीन दिवस डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. माझ्याकडे राहायला आलेली आत्या पडदे ओढून शेजारी बसायची आणि थेंब घालताना स्वतःच डोळे मिटायची, त्यामुळे निम्मे थेंब माझ्या कानात गेले. आता जखम भरली आहे. संसर्ग नाही. डावा डोळा सध्या सुखरूप आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

परत गेल्यावर आत्या फोनवर म्हणाली, "रोज दुकानातून घरी येतो आणि विचारतो, त्या पेशंटचं काय झालं? पेशंट म्हणे! मी म्हटलं, पेशंट बरी आहे, चष्मेवाल्याने आपलं बघावं."

डोळे चोळायला कायमची बंदी आहे. क्लोरीनने खाजतात तेव्हा मी मुठीने चोळायचे, त्यानेही कॉर्निया बिघडतो म्हणे. लहानपणी त्यावरून तुमच्या हातचे किती फटके खाल्ले असतील! आता ते काम शिट्टीमास्तरांनी घेतलंय. माझा हात डोळ्याकडे गेला की तलावभर ऐकू जाईल अशी शिट्टी वाजवतात. परवा सगळी मुलं दचकून पाण्याबाहेर आली. मला अजून काठावरच बसवलंय, हजेरी घ्यायला.

आत्याच्या पिशवीत तळाशी गुंडाळलेला पोहण्याचा चष्मा मिळाला. तुम्ही काही कळवलं नाहीत, पण आतल्या काचांच्या कडा पाहून कळलं की बाजारातल्या चष्म्याचं प्लॅस्टिक कापून तुम्ही त्यात माझ्या नंबरच्या काचा बसवल्या आहेत. शिट्टीमास्तरांना बादलीत बुडवून दाखवला. डाव्या बाजूने पाणी शिरतं. परत पाठवते आहे. तुमच्या दुकानातून बाहेर पडलेली वस्तू गळते, हे आत्याने शेजारीपाजारी सांगायच्या आत दुरुस्त करा.


७ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,

होय, लिहिलं.

आज नवा नकाशा काढला. बाईंनी मार्चचा आणि आजचा शेजारी ठेवले आणि मलाच म्हणाल्या, फरक शोधा. मी नाक लावून शोधलं. उजव्या डोळ्याचा लाल डाग होता तिथेच आहे, होता तेवढाच आहे. किंचित कमीच, असं बाईंचं म्हणणं. डावा जसाच्या तसा. धुरकटपणा जवळजवळ गेला. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, पण आता पळणारा नंबर थांबला आहे असं त्या म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. त्यांना सवय नसावी, हातातलं पेन पडलं.

तुमचा दुसरा चष्मा गळत नाही. आधी बादलीत, मग उथळ पाण्यात, मग शिट्टीमास्तरांच्या देखरेखीखाली खोल पाण्यात, अशा सगळ्या परीक्षा झाल्या. त्यांनी तळाशी नाणी टाकली आणि मला छापा की काटा ते वरूनच ओळखायला लावलं. एक चुकलं. त्यांचं म्हणणं तेवढं चालतं, त्यांना स्वतःला एकही ओळखता आलं नव्हतं. गेल्या सोमवारपासून मी पाण्यात आहे.

बाबा, पाण्याखाली किती काय दिसतं! फरशांमधल्या रेघा दिसतात. पोरी पाय मारतात तेव्हा टाचांमागे बुडबुडे उठतात ते दिसतात. श्वास रोखून धरल्यावर त्यांचे गाल कसे फुगतात, आणि कोण नुसतंच डोकं बुडवल्याचं नाटक करते, तेही. लाल टोपीवाली आता मोठ्या वर्गात गेली आहे. काल ती दोरीपलीकडून आली, आणि ती तलावाच्या त्या टोकाला असल्यापासून मला दिसत होती. तिचा चेहरासुद्धा. इतक्या लांबून मी पहिल्यांदाच तिचं हसू पाहिलं.

मला वाटायचं की घरी आलं की जग लख्ख दिसतं ते घरची झोप, घरचं जेवण. प्रत्येक वेळी तुम्ही काचा बदलत होतात. ते मला कळल्यापासून मी त्यावर बराच विचार केला. तुमच्यावर अजून रागावलेली आहे. आणि तुमची आठवण येते. दोन्ही एकदम होतं, काय करू?

माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला आहे. इथे कुणाला दाखवलेला नाही. रविवारी येते. दारात हात पुढे करा, पण यावेळी मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसणार, आणि यंत्रात जो दिसेल तो नंबर तुम्ही मोठ्याने म्हणायचा. वाढलेला असला तरी. मी जेवेन.

तुमची
मुलगी आणि पेशंट